मिशनचं ट्रेनिंग सुरू झालंय, पण रशियन काही केल्या डोक्यात शिरेना. मदत करा

नगरचा_ब्रदर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. आम्हाला फोन फक्त रविवारी मिळतो, दुपारच्या जेवणानंतर ते चहाची बेल होईपर्यंत, त्यामुळे घाईत आहे, चुका पोटात घाला.

मी नगर जिल्ह्यातला, मराठी कॅथलिक घरातला. वय २४. बीकॉम झालं आणि धर्मसंस्थेत आलो, घरी आईला पटायला वेळ लागला पण ती वेगळी गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात नगर रोडच्या बाजूला आमच्या हाऊसमध्ये मिशनचं ट्रेनिंग सुरू झालं. आम्हा पाच जणांना कझाकस्तानात पाठवायचं ठरलंय, कारागांदा नावाचं शहर आहे त्या बाजूला. तिथं मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), प्रवचन, आजाऱ्यांना भेटणं, मुलांचा धर्मशिक्षणाचा क्लास, बहुतेक सगळं रशियनमधून चालतं. म्हणून जायच्या आधी इथं सहा महिने रशियन.

दिनक्रम सांगतो म्हणजे अंदाज येईल. पहाटे सव्वापाचला घंटा, चिंतन, मिस्सा, नाश्ता (पोहे, आठवड्यातून पाच वेळा पोहे), मग ९ ते १२ रशियन, दुपारी बागकाम नाहीतर भांडी, संध्याकाळी परत तास दीड तास पाठांतर आणि रात्रीची प्रार्थना. बाकीचे चौघं म्हणजे दोन झारखंडचे, एक तमिळ, एक केरळचा. मराठी मी एकटाच, त्यामुळे हाऊसमध्ये सगळं इंग्लिशमध्ये आणि रशियनचं व्याकरणही इंग्लिश पुस्तकातून. शिकवायला एक मॅडम येतात, पुण्याच्याच आहेत, सोव्हिएत काळात मॉस्कोला शिकलेल्या, शिकवतात छान पण चूक झाली की चष्म्यावरून असं बघतात की पुढचे दोन शब्द घशातच राहतात.

लिपी आली. तेहतीस अक्षरं आठवडाभरात बसली. पुढं मात्र सगळं आडवं जातंय. मागच्या मंगळवारचा किस्सा सांगतो. मॅडम म्हणाल्या स्वतःबद्दल एक वाक्य बोला. मी आदल्या रात्री घोकून ठेवलं होतं, उभा राहिलो आणि म्हटलं, 'या प्रिश्लो इज आहमदनगरा'. मी नगरहून आलो, असं मला म्हणायचं होतं. मॅडम शांतपणे मराठीत म्हणाल्या, "म्हणजे तू नपुंसकलिंगी आहेस आणि एकशेवीस किलोमीटर पायी चालत आलास." वर्गातल्या कोणालाच मराठी कळत नाही, पण मॅडमनी तेच इंग्लिशमध्ये परत सांगितलं. झालं. आता केरळचा ब्रदर मला जेवणाच्या टेबलावर पदयात्री म्हणतो.

नंतर कळलं की आला म्हणजे प्रिशोल, आली म्हणजे प्रिश्ला, आलं म्हणजे प्रिश्लो, आणि गाडीनं आलं तर क्रियापदच बदलतं. मला आपलं 'मी आलो' डोक्यात, त्यामुळे तोंडातून लो च येतो.

दुसरं त्याहून वाईट. रात्रीची प्रार्थना आम्ही आळीपाळीनं सांगतो, आणि नियम असा की दोन तरी वाक्यं रशियनमध्ये पाहिजेत. गुरुवारी माझी पाळी होती. नेमके त्या दिवशी कारागांद्यात बरीच वर्षं काम केलेले एक फादर सुट्टीवर आले होते ते पण बसलेले. मला म्हणायचं होतं देवा मला क्षमा कर, म्हणजे 'प्रस्ती'. मी डोळे मिटून अगदी मनापासून म्हटलं 'प्रश्चाय, बोझे'. फादरना हसू आवरेना. प्रार्थना संपल्यावर पाठीवर हात ठेवून म्हणाले, अरे, रशियन माणूस हे ऐकेल तर त्याला वाटेल तू देवाचा कायमचा निरोप घेतोयस.

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण मला त्या रात्री झोप नाही लागली. ज्या भाषेत मला साधी क्षमा मागता येत नाही त्या भाषेत मी मरणाच्या दारातल्या माणसाशी काय बोलणार? मराठीत प्रार्थना करताना माझ्या मनात आपोआप शब्द येतात, रशियनमध्ये मी देवासमोर तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा असतो. सुपिरियरना (आमच्या हाऊसच्या प्रमुखांना) सांगावं का की मला इकडंच कुठंतरी ठेवा? का अजून थांबू? इथं कोणी रशियन शिकलेलं असेल तर सांगा, मराठी माणसाला ही भाषा कुठून पकडायची?

कोथरूडकाकू

अरे बाळा, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी १९८४ साली रानडे इन्स्टिट्यूटला रशियनचं सर्टिफिकेट आणि मग डिप्लोमा केला, फर्ग्युसन रस्त्यावर, संध्याकाळच्या बॅचला. तेव्हा रशियन पुस्तकं एवढी स्वस्त मिळायची की मीर, प्रगती, रादुगा या सोव्हिएत प्रकाशनांची पुस्तकं आमच्याकडे शेंगदाण्याच्या भावानं होती. पुढं तीस वर्षं भाषांतराची कामं केली, बहुतेक यंत्रांची मॅन्युअल्स. तर अनुभवावरून सांगते.

तुझी खरी चूक एकच आहे. तू रशियनकडे इंग्लिशच्या दारातून जातोयस. इंग्लिशवाल्याला प्रत्येक नामाला लिंग असतं हेच पचायला महिना लागतो. तुला आईच्या पोटातून तीन लिंगं येतात! हिंदीवाल्याला सुद्धा दोनच. तो, ती, ते हे आपल्याला शिकावं लागत नाही, रशियनमध्ये ते ओन, अना, अनो.

आणि तो 'ल'. नीट बघ. गेला, गेली, गेलं. आपल्या भूतकाळात ल आहे, त्यांच्याही भूतकाळात ल आहे, आणि दोघांकडेही तो लिंगाप्रमाणे बदलतो. कोण बोलतोय, मी का तू का तो, याचं रशियनला काही घेणंदेणं नाही, बोलणारा पुरुष का बाई एवढंच बघायचं. म्हणजे आपल्या मी आलो, तू आलास, तो आला या तिन्हींना त्यांचं एकच प्रिशोल. तुझा घोटाळा झाला कारण शेवटचे स्वर आपल्यापेक्षा उलटे पडतात. आपल्याकडे ला म्हणजे पुरुष, त्यांच्याकडे ला म्हणजे बाई. आणि त्यांचा पुरुष नुसत्या ल वर थांबतो. चिताल म्हणजे त्यानं वाचलं, चिताला म्हणजे तिनं वाचलं. आम्ही रानडेत एक युक्ती केली होती, पुरुषाचं वाक्य म्हणताना शेवटी तोंड मिटून टाकायचं, 'ल्' वर खटकन. आमच्या वर्गातले एक बँकेतले गृहस्थ वर्षभर स्वतःला बाई म्हणवून घेत होते, तू निदान नपुंसकलिंगावर आहेस.

विभक्तीला घाबरू नकोस. त्यांच्या सहा, शाळेत आपण आठ घोकल्यात. पुणे, पण पुण्याला, पुण्यात, पुण्याहून, हे मधलं 'पुण्या' कुठून आलं असं आपण कधी विचारतो का? सामान्यरूप. रशियनमध्येही शब्दाचं शेपूट असंच बदलतं, फक्त आपण पुढं ला, त, हून जोडतो आणि ते बरंचसं शेपटातच उरकून टाकतात. गंमत म्हणजे आपलं शहर जुन्या रशियन पुस्तकांत 'पूना' आहे, आणि 'पुण्यात' म्हणायचं झालं की त्याचं होतं 'फ् पूने'. म्हणजे पूना का पुणे हा वाद त्यांनी विभक्तीत मिटवलाय :)

वाचत होतो आणि वाचून काढलं यातला फरक तुला कळतो ना? मग चिताल आणि प्रचिताल मधला पण कळेल. इंग्लिश पुस्तकात यावर दोन धडे असतात आणि ते वाचून डोकं आणखी फिरतं. मराठीत करत होतो, करून टाकलं, लिहून काढलं, खाऊन घेतलं असं आपण दिवसभर बोलतच असतो. दरवेळी तंतोतंत जुळणार नाही, पण दार तरी उघडेल.

उच्चारांचं. त आणि द हे आपले दातांचे त, द. इंग्लिशच्या सवयीनं ट, ड करू नकोस, फार जणं करतात आणि ते रशियन माणसाला टोचतं. च दोन आहेत, आपल्यासारखेच, एक 'चार' मधला आणि एक 'चाक' मधला. हा चाकातला च इंग्लिशवाल्यांना शब्दाच्या सुरुवातीला आणता येत नाही, त्सार म्हणताना ते सार किंवा झार करतात. तू सरळ चाकातला च लाव. बाजारातला ज पण तयार आहे, आणि बाजार त्यांच्याकडेही बझारच. अडेल फक्त तो एक स्वर, इ आणि उ च्या मधला, 'तू' साठीचा शब्द त्यावरच संपतो. ओठ इ सारखे ताणलेले ठेवायचे आणि जीभ मागं ओढायची. आरशासमोर कर. भांडी घासताना कर.

आता प्रार्थनेचं. मी देवाधर्माची फारशी नाही पण भाषा म्हणून सांगते. रशियनमधून संबोधनाची विभक्ती जवळपास गेली, उरली कुठं तर देवाला हाक मारताना. बोग म्हणजे देव, पण हाक मारली की बोझे. अत्येत्स म्हणजे पिता, पण प्रार्थनेत ओत्चे. आपलं काय? देव, हाक मारली की देवा. पिता, हाक मारली की पित्या. आणि ते देवाला अहो-जाहो करत नाहीत, तू च म्हणतात, आपल्यासारखं. तुमच्या त्या मुख्य प्रार्थनेत स्वर्गासाठी जो शब्द आहे, 'निबिसा', तो आपल्या नभस् चा सख्खा भाऊ. ज्या भाषेत आकाशाला नभ म्हणतात आणि बापाला हाक मारताना शब्द वाकवतात, ती तुला परकी कशी रे?

व्होल्गाकाठचा_डॉक्टर

काकूंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त दुसऱ्या बाजूनं सांगतो. मी एमबीबीएसला सहा वर्षं रशियात होतो, आता पिंपरीत प्रॅक्टिस. तिसऱ्या वर्षापासून पेशंटशी रशियनच बोलावं लागतं, तिथं आजीबाई इंग्लिश बोलत नाहीत.

भावा, विभक्ती चुकली तरी चालतं, लोक समजून घेतात. आघात, म्हणजे शब्दात कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते, चुकला की वाट लागते. रोजच्या छापील मजकुरात आघाताची खूण नसते, फक्त शिकाऊ पुस्तकांत आणि लहान मुलांच्या गोष्टींत असते. म्हणून नवीन शब्द वहीत लिहिताना आघातासकट लिही, नाहीतर लिहूच नको.

उदाहरण देतो, स्वतःवर बेतलेलं. पहिल्याच महिन्यात आम्ही तिघं मराठी पोरं होस्टेलवर चपात्या करायच्या म्हणून कणीक आणायला गेलो. पीठ म्हणजे 'मुका', आघात शेवटी. हो, मुका. आधीच हसू दाबत होतो, त्यात काउंटरमागं साठीच्या जाडजूड बाई. हसू येऊ नये म्हणून मी घाईत आघात पुढं टाकला, मूऽका. त्याचा अर्थ यातना. म्हणजे मी त्या बाईंना सांगितलं की आम्हाला दोन किलो यातना पाहिजेत. बाई एक क्षण बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पोरांनो, त्या विकत घ्याव्या लागत नाहीत, थोडे दिवस राहा इथं. मग पिठाची पिशवी काढून दिली. पुढची सहा वर्षं आम्ही त्याच दुकानात जायचो, आणि शेवटच्या वर्षी निघताना त्या बाई रडल्या.

असाच प्लाचू. आघात शेवटी असला तर मी पैसे देतो, पुढं असला तर मी रडतोय. आणि 'लिहिणे' हे क्रियापद शिकताना फार सांभाळ. लिहिणे आणि लघवी करणे यात आघाताचाच फरक आहे, मी जास्त काही बोलत नाही.

आणखी एक, हाताचं लिखाण आत्ताच शिकून घे. छापील अक्षरं आली म्हणजे झालं असं वाटतं, मग तिथं कोणीतरी चिठ्ठी हातात देतं आणि नुसते करवतीचे दात दिसतात, कारण ल, म, श, इ सगळ्यांच्या वळणदार रेघा सारख्या. डॉक्टरांचं अक्षर तर देवालाच माहीत, आणि ते तुझ्या खात्यात येतं :D

थर्मल इथून घेऊन जाऊ नको, तिथंच घे. आणि लोणचं मात्र इथूनच ने.

स्पष्टवक्ता_सदाशिव

सगळे फार कौतुक करताय. प्रश्न कोणीच विचारत नाहीये. तिथं जाऊन नक्की काय करणार? तिथल्या लोकांना बाटवायला भाषा शिकायची आणि त्याला मदत आपण करायची?

कोथरूडकाकू

सदाशिवराव, मुलानं विभक्ती विचारली, मी विभक्ती सांगितली. माझ्याकडे पूर्वी केमिकल कंपनीवाले पण यायचे, त्यांना मी विचारलं नाही नदीत काय सोडता. (विचारायला हवं होतं, ते मान्य.)

नगरचा_ब्रदर

आज परत रविवार. काकू, डॉक्टर, तुमचे प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतले, आठवडाभर फोन नसतो म्हणून.

सदाशिवसाहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे, राग नाही. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. कारागांद्याच्या बाजूला जे कॅथलिक आहेत ते आम्ही केलेले नाहीत. १९३६ मध्ये पोलिश आणि १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, असे लाखो लोक स्टालिनच्या राजवटीत घरादारासकट उचलून कझाकस्तानच्या माळरानावर नेऊन टाकले. कारागांद्याला कोळशाच्या खाणी आणि मोठी श्रमछावणी. चर्च नाही, पाद्री नाही, तर आज्या घरात दारं लावून जपमाळ म्हणायच्या. एक पोलिश फादर होते, बुकोविन्स्की, स्वतः वर्षानुवर्षं छावण्यांत काढलेले. सुटल्यावर १९५५ मध्ये मायदेशी जायची संधी आली तरी ते गेले नाहीत, या लोकांसाठी सोव्हिएत नागरिक होऊन तिथंच राहिले. २०१६ मध्ये चर्चनं त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्या लोकांची नातवंडं आता फक्त रशियन बोलतात. आम्ही जातोय ते मुख्यतः त्यांच्यासाठी, म्हाताऱ्यांसाठी जास्त. आणि २०११ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे मिशनऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, असं दारोदार फिरून काही करता येत नाही. तुम्हाला पटेलच असं नाही, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

काकू, ल् वर तोंड मिटायची युक्ती जमली. पण एक नवीन भानगड. ओत्चे नाश. म्हणजे 'आमच्या पित्या'. मला दरवेळी नाश ऐकू येतो! पुढं आमची रोजची भाकर येते, तर 'ख्लेब नाश'. भाकरीचा पण नाश. काल मिस्सामध्ये मला एकट्यालाच हसू फुटलं आणि कोणाला सांगता पण येईना कशासाठी.

जुन्नरकर

धागा भारी आहे. ब्रदर, तुम्हाला आमच्या गावातली एक गोष्ट सांगतो, आमचं गाव म्हणजे जुन्नर.

अफानासी निकितिन म्हणून त्वेर शहरातला एक रशियन व्यापारी होता. १४७० च्या आसपास, म्हणजे वास्को द गामाच्या कितीतरी आधी, तो चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, अलिबागला जाताना कधी बघा. जुन्नरला त्याला पावसाळाभर थांबावं लागलं, चिखल आणि पाणी यांचं वर्णन त्यानं लिहून ठेवलंय, ते वाचून आजही जुन्नरचा माणूस मान डोलावेल. घोड्यांना इथं खिचडी शिजवून घालतात याचं पण त्याला नवल वाटलं.

तर त्यानं विकायला म्हणून एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही भर. चार दिवसांची मुदत. शेवटी खोरासानचा एक जण मध्ये पडला आणि घोडा सुटला. धर्म सुटला नाही.

पण मला तुमचं वाचून आठवलं ते वेगळंच. त्याची धर्माची पुस्तकं वाटेत लुटारूंनी नेली होती. त्यामुळे उपास कधी, ईस्टर कधी, त्याला काहीच कळेना. तो ताऱ्यांवरून अंदाज बांधायचा आणि लिहायचा की मी कोणते सण पाळतोय मलाच ठाऊक नाही. आणि त्याची वही वाचली तर मधेच तुर्की, फारसी, अरबी शब्द घुसलेत, प्रार्थनेत सुद्धा. इतकी वर्षं परक्या मुलखात काढल्यावर त्याच्या तोंडात जी भाषा होती ती त्यानं देवापुढं ठेवली. मोडकीतोडकी, चार ठिकाणची.

तो इथून परत जायला निघाला, पण त्वेरला पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वही तेवढी पोचली.

मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे लांबलं. सॉरी.

वसईची_सिस्टर

ब्रदर, तुझं ते 'देवासमोर तोंडी परीक्षा' वाचलं आणि मला माझे दिवस आठवले. मी आता निवृत्त आहे, टांझानियात १९ वर्षं दवाखान्यात होते. स्वाहिली शिकले ती अशीच रडत. तिथं नामांचे ढीगभर वर्ग असतात, माणसांचा वेगळा, झाडांचा वेगळा, आणि मी सुरुवातीला बायकांना झाडांच्या वर्गात घालायचे.

तुला दोन गोष्टी सांगते, एक व्यवहाराची. तुम्ही पाच जण आपसात इंग्लिश बोलता ना, ते जेवणाच्या वेळी तरी बंद करा. मीठ दे, पाणी दे, अजून नको, पोट भरलं, एवढंच. आमच्या हाऊसमध्ये हा नियम होता आणि पहिले दोन आठवडे टेबलावर स्मशानशांतता असायची, मग हळूहळू भूक बोलायला लावते. तुमच्याकडे तर पोह्यांचा विषय कायम आहेच, त्यावर तक्रार करायला जेवढी भाषा लागते तेवढी आधी शिका, माणूस तक्रार करताना पटकन शिकतो.

दुसरी, सुपिरियरना जाऊन भेट, पण 'मला पाठवू नका' म्हणायला नको. नुसतं सांग की असं होतंय. फॉर्मेशनमध्ये (या शिक्षणाच्या काळात) आपण चांगले दिसायच्या नादात हेच लपवतो आणि मग ते आत कुजतं. माझ्याबरोबरची एक सिस्टर चार महिने गप्प राहिली आणि एके दिवशी बॅग भरूनच खाली आली.

थॉमस स्टीफन्स माहीत असतील तुला, इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून झालं, ओवीबद्ध मराठीत. सदतीस वर्षं झाली मधे. तुझे किती झाले, पाच आठवडे? आणि केडगावला पंडिता रमाबाई, मुक्ती मिशनचा एवढा व्याप डोक्यावर असताना आणि पन्नाशीच्या आसपास, मराठी बायबलसाठी हिब्रू नि ग्रीक घेऊन बसल्या. दौंडच्या गाडीनं जाशील तर तासा-दीड तासावर आहे केडगाव, एखाद्या सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून जाऊन ये.

नाश चं हसू येतंय तर येऊ दे. मला अजून एका स्वाहिली भजनात एक शब्द आला की हसू येतं, वय ७१ आहे माझं.

स्पष्टवक्ता_सदाशिव

ते निकितिनचं माहीत नव्हतं. जुन्नरकर, रेवदंड्यात स्मारक नक्की कुठं आहे? पुढच्या महिन्यात जाणार आहे तिकडं.

ब्रदर, उत्तर दिलंत, बरं वाटलं. माझं मत तेच आहे, पण शिका.

जुन्नरकर

शाळेच्या आवारात आहे, गावात कोणालाही रशियनाचं स्मारक म्हणून विचारा.

नगरचा_ब्रदर

तीन रविवार झाले, लिहायला जमलं नाही. एका रविवारी परीक्षा होती, एका रविवारी फोनच चार्ज नव्हता.

सिस्टर, सुपिरियरना भेटलो. ते काही बोलले नाहीत फार, ऐकून घेतलं, आणि म्हणाले की त्यांनी स्वतः पहिल्या मिशनला पहिलं वर्ष फक्त बागकाम केलं होतं. जेवणाचा नियम लागू झालाय. तमिळ ब्रदरनं पहिल्या दिवशी मीठ मागायच्या ऐवजी हातानं खुणा केल्या आणि त्याला कोणी मीठ दिलं नाही. पोह्यांवर मात्र आता मी तीन विभक्तींत तक्रार करू शकतो. मॅडमना काकूंचा तो पूना-पूने विनोद सांगितला, चष्म्याच्या वरून बघितलं आणि पहिल्यांदाच हसल्या. काकू, त्या म्हणतायत की १९८४ च्या बॅचला संध्याकाळी एक जण कायम भडंग घेऊन यायची, ती तुम्ही का?

रात्रीच्या प्रार्थनेत परत पाळी आली. मी नेहमीची पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली आणि मग पुढचे शब्द आठवेनात, तर तसाच मराठीत सुरू झालो, देवा, मग बोझे, मग परत मराठी. जुन्नरकर, तुमचा तो घोडेवाला डोक्यात होता. कोणी हसलं नाही. झारखंडचा एक ब्रदर नंतर म्हणाला, उद्या मी मुंडारीत करू का.

आणि आज आईचा फोन. ती नेहमीप्रमाणे जेवलास का पासून सुरू झाली. मी म्हटलं याला रशियनमध्ये 'ती पयेल' म्हणतात. तिनं दोनदा म्हणून बघितलं, म्हणाली, हे तर आपल्या जेवला-खाल्ल्यासारखंच आहे की, शेवटी ल. मग मी विचारलं, आई, ती पयेला? तर म्हणाली, आता ला का लावलास? मी सांगितलं, तू बाई आहेस म्हणून. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, बायकांना ला आणि बाप्यांना नुसता ल, उलट्याच खोपडीची माणसं दिसतात, तिथं नीट जेवायला देतील ना तुला?

चहाची घंटा झाली. पुढच्या रविवारी.